पावाच्या सारणाचं मीठ

२६ नोव्हेंबर, बुधवार. चंपाषष्ठी

आज खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवला. वांगी गॅसवर ठेवून मी खाली पाणी भरायला गेले होते. आण्णा तिथंच, शेगडीपासून दोन हातांवर पेपर वाचत बसलेले. जळका वास मला जिन्यातच आला. येऊन बघते तर वांग्यांची एक बाजू कोळसा झालेली.

"आवं आण्णा, जरा फिरवायची तरी."

"पेपरात हुतो," म्हणाले, आणि पान उलटलं.

तीस वर्षं ज्या माणसानं फौजेच्या मेसमध्ये पाचशे माणसांचा स्वयंपाक केला, त्याला शेजारचं वांगं जळलेलं कळू नये? कळतं सगळं. या घरात त्यांना लक्षच घालायचं नाही.

फाल्गुनात आई गेली. कवठे महांकाळजवळच्या आमच्या वस्तीवर ते एकटेच राहत होते. दिवाळीनंतर मी जबरदस्तीनं साताऱ्याला आणलं. आल्यापासून त्यांनी एकदाही कढई हातात घेतलेली नाही. गेल्या महिन्यात तीन किलो वजन उतरलं. लेकीच्या घरचं अन्न बापानं खाऊ नये असं आमच्यात जुनी माणसं मानतात. मला वाटतं तेच त्यांच्या घशात अडकतंय.

भरीत कसं झालंय विचारलं तर "बेस" म्हणाले.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज एक नवीनच काम आलं. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून प्रियदर्शनीबाई माझ्याकडून डबा घेतात. निवृत्त नर्स आहेत. काठी टेकत टेकत स्वतः आल्या. पंचवीस तारखेला त्यांच्या चर्चचं प्रीतिभोजन असतं, नाताळचं सगळ्यांनी एकत्र बसून घ्यायचं जेवण. यंदा एकशेवीस माणसं आहेत. बिर्याणी दुसरीकडून येणार.

"मला तुझ्याकडून पावाचं सारण हवंय," म्हणाल्या.

पुरणाचं सारण माहीत, करंजीचं माहीत. पावाचं कसलं?

"माझ्या सासूबाई मिशन दवाखान्याच्या साहेबांच्या बंगल्यावर स्वयंपाकाला होत्या. नाताळला भाजलेल्या कोंबडीबरोबर हे करायच्या. शिळा पाव, कांदा, लोणी, मिरी, अंडं, सगळं ट्रेमध्ये घालून भट्टीत भाजायचं. वरून कुरकुरीत, आतून शिऱ्यासारखं. त्या गेल्या आणि ती चव गेली. मी चारदा केलं, चारदा लगदा झाला."

मी हसले. म्हटलं, बाई, हे तर माझे वडील करायचे. मेसमध्ये दर पंचवीस डिसेंबरला साहेबांसाठी. सुट्टीवर आले की आम्हाला सांगायचे, पावाचं भरणं म्हणायचे. आम्ही भावंडं हसायचो, पावाची भाजी काय करायची म्हणून.

बाई कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळल्या. "मग काका, तुम्हीच शिकवा हिला."

आण्णा म्हणाले, "मला न्हाई आठवत आता."

खोटं. कुठल्या साली कुठल्या छावणीत किती डेग होत्या ते त्यांना तोंडपाठ आहे. मी बाईंना हो म्हणून टाकलं. बाई गेल्यावर आण्णा म्हणाले, "राणी, नाताळ झाला की मला गावाला सोड."

"तिथं कोण हाय तुमचं?"

"घर हाय की."

२ डिसेंबर, मंगळवार

आमटीत मीठच घालायला विसरले. प्रांजलनं पहिल्याच घासाला तोंड वाकडं केलं. "आई, ही आमटी आहे का गरम पाणी?" तोवर आण्णांचा अर्धा वाडगा संपलेला. त्यांनी प्रांजलकडे पाहिलं, मग वाडग्याकडे, आणि मिठाच्या बरणीकडे हात नेला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी बोलते, बाप बोलतसुद्धा नाही. लेकीच्या घरी नावं कशी ठेवायची, म्हणून गिळत असणार.

७ डिसेंबर, रविवार

आज पहिल्यांदा बरं वाटलं.

मी बेकरीतून ताजा लादीपाव आणला आणि सुरीनं तुकडे करायला बसले. आण्णा दारातून बघत होते. दोन मिनिटं बघितलं, मग राहवलं नाही.

"ताजा पाव कापतीस व्हय? लगदा व्हनार त्याचा. बाईंचा बी त्यामुळंच झाला आसंल."

"मंग काय करू?"

"दोन दिस उगडा ठेव. जाळीच्या टोपलीत. कानाला लावून दाबला की कडाकडा वाजला पायजे." त्यांनी सुरी माझ्या हातातून घेतली. बोटाच्या पेरापेक्षा किंचित मोठे, एकसारखे चौकोन. पंच्याहत्तर वर्षांचे हात, पण सुरी कशी चालत होती.

मग सगळंच आठवायला लागलं. मेसमध्ये साहेब लोकांचा डब्यातला वाळका पाला यायचा, तो संपला की आण्णा ओव्याची पानं चिरून घालायचे. कुणाला कळलं नाही. कोंबडीचं आळणी, म्हणजे हळद घालून उकडल्यावर उरलेलं पाणी, ते कोमट असताना वाटी वाटीनं पावावर सोडायचं, एकदम ओतायचं नाही. पाव प्यायचा कधी थांबतो ते बघायचं.

माझ्याकडे एवढे ट्रे भाजायची सोय नाही. संध्याकाळी आण्णांना घेऊन शंभूराजच्या बेकरीत गेले. तो म्हणाला, "सकाळचा पाव निघाला की भट्टी दोन तास गरम असती. तवा घाला तुमचे ट्रे. पण काका, आमच्या भट्टीला काटा न्हाई हं, किती गरम ते सांगता यायचं न्हाई."

आण्णांनी बाही वर केली, उघडा हात भट्टीच्या तोंडात धरला आणि मोजायला लागले. आठला हात काढला. "आता पावाला ठीक. आमाला बारा आकडं हात टिकला पायजे, तवा घालायचं."

शंभूराजनं त्यांच्या पायाला हात लावला. मस्करीत लावला, पण लावला.

येताना मी विचारलं, आईला कधी करून घातलंत का हे? म्हणाले, एकदा. मला आठवलं, शेवटची चार वर्षं आण्णा घरी काहीही करायला बसले की आई शेजारी पाट टाकून बसायची. "चिमूटभर आजून. बास. आता झालं." मी सुट्टीला गेले की म्हणायचे, आई, तीस वर्षांच्या आचाऱ्याला तू काय शिकवतीस? ती म्हणायची, गप गं, माझी हौस हाय. तिची हुकमत मला तेव्हा जराशी खटकायची. आज तिची फार आठवण आली.

११ डिसेंबर, गुरुवार

बाईंच्या समितीची बैठक आज संध्याकाळी होती आणि त्यांना नमुना हवा होता. माझा मार्गशीर्षातला गुरुवारचा उपवास. आतल्या स्वयंपाकघरात अंडं-कोंबडी आणायची नाही, म्हणून डब्यांच्या बाहेरच्या खोलीत केलं. उपवास माझा, चूल धंद्याची.

आळणी मीच सकाळी शिजवलं. बाकी सगळं आण्णांनी. कांदा लोण्यावर परतला, ओव्याची पानं, मिरी, पाव, अंडी. मीठही त्यांनीच घातलं. शंभूराजच्या भट्टीत वीस मिनिटं ठेवलं. वरचा रंग असा आला की बघत राहावं.

मला चाखता येत नव्हतं. आण्णांना म्हटलं, तुमी घास घ्या. त्यांनी कडेचा तुकडा मोडला, कानाजवळ नेला, बोटांनी दाबला आणि तोंडात टाकला.

"कसं झालंय?"

"बेस."

प्रांजल क्लासला गेलेली. ट्रे झाकून मी बाईंना पोचवला. मन अगदी हलकं झालंय.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी बाईंचा फोन. फार चांगली बाई आहे, आधी रंगाचं कौतुक केलं. मग म्हणाल्या, "राणी, मीठ जरा जास्त झालं गं. खरं सांगू का, कुणाला दुसरा घास घेता आला नाही."

घरात एक तुकडा ठेवला होता. तोंडात टाकला आणि थुंकला. नुसतं मीठ. आळणी म्हणायचं तरी आमच्या घरी त्यात थोडं मीठ असतंच, बेकरीच्या पावात असतं, लोण्यातही असतं. त्यावर आण्णांनी बिनमिठाचं समजून पुन्हा घातलेलं. पण मग चाखलं तेव्हा काय कळलं त्यांना?

मला एवढं कळतं, की त्यांना कळलं होतं आणि ते बोलले नाहीत.

१३ डिसेंबर, शनिवार

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. काल संध्याकाळी मी आण्णांना बोलले. म्हटलं, इथून सुटायचं होतं तर सरळ जायचं, माझं काम कशापायी नासलं? मुद्दाम केलंत तुमी.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. कुणीतरी वर्दीतच चूक पकडावी आणि शिपायानं सावधान उभं राहावं, तसं.

"व्हय," म्हणाले. "माजंच चुकलं."

आज सकाळी त्यांची काळी ट्रंक पलंगाखालून बाहेर निघाली. सोमवारच्या पहिल्या एसटीनं जाणार म्हणतात. यांचा जोधपूरच्या पलटणीतून फोन आला होता, सांगितलं सगळं. हे म्हणाले, "आण्णा मुद्दाम मीठ टाकतील? अगं, युनिटात आचाऱ्याला कुणी शिवी दिली तरी तो मीठ बरोबरच टाकतो. तो त्याचा धर्म असतो." मग रेंज गेली.

बाईंनी अजून एक संधी दिली आहे. उद्या मी एकटीच करून बघणार.

१४ डिसेंबर, रविवार

हे नीट लिहायला हवं.

सकाळी मी बाहेरच्या खोलीत पाव काढला. आण्णा तयार होऊन बसलेले, ट्रंकेला कुलूप घातलेलं. जायला अजून एक दिवस होता, तरी. मला एकटीला बघून उठले. "अंडी तरी फोडून देतो," म्हणाले. मी अंड्यांची टोपली त्यांच्याकडे सरकवली. बोलले असते तर रडले असते.

अंडी बनुबाईंकडची, गावठी. खालच्या आळीत राहतात, कोंबड्या पाळतात. आण्णांनी एकेक फोडून पातेल्यात टाकलं आणि काट्यानं फेटायला लागले. मी पाठमोरी कांदा चिरत होते. तेवढ्यात असा वास आला की माझा श्वास अडकला. प्रांजल आतून ओरडत आली, "कोण मेलं इथं?" आणि नाक दाबून जिन्यात पळाली.

मी वळले. पातेल्यात एक अंडं कुजकं निघालेलं. काळपट-हिरवं पाणी फेसाबरोबर फिरत होतं. आणि आण्णा शांतपणे फेटत होते. चष्मा कपाळावर, मान जरा तिरकी, काट्याचा आवाज ऐकत. चेहऱ्यावर काही नाही. अगदी काही नाही.

वांगं. आमटी. "बेस." सगळं एका रांगेत येऊन उभं राहिलं.

मी जवळ जाऊन त्यांचा हात धरला. "आण्णा, वास येत न्हाई तुमाला?"

काटा थांबला. त्यांनी चष्मा डोळ्यांवर ओढून पातेल्यात पाहिलं.

"तो मोठा ताप आल्ता बग, सगळ्या मुलखाला आला तवा. त्यात गेला. वास बी आन् चव बी. येईल म्हनलं, आलाच न्हाई."

"चार वर्सं?"

"चार वर्सं व्हऊन गेली."

"आईला म्हाईत हुतं?"

"हरणीलाच म्हाईत हुतं." आईचं नाव हरणाबाई, ते हरणी म्हणायचे. "पाट टाकून बसायची की. ती म्हनंल तेवढं मीठ घालायचं. कुनाला कळू दिलं न्हाई तिनं. आचाऱ्याला चव न्हाई म्हनल्यावर काय ऱ्हायलं गं? बंदूक न्हाई त्यो शिपाई."

मग म्हणाले, "तू बोललीस त्ये बरोबर हुतं. मी चाखल्यावानी केलं. खोटं केलं."

दोघंही त्या घाणीत उभे. शेवटी जिन्यातून प्रांजल ओरडली, "तुमचं झालं असेल तर ते अंडं फेकता का? बनुबाई पण वर आल्या बघायला." आणि बनुबाई खरंच दारात नाकाला पदर लावून उभ्या. "माझ्या कोंबडीचं न्हवं हां त्ये," म्हणाल्या. आण्णा हसले. किती महिन्यांनी.

ट्रंकेचं कुलूप मात्र तसंच आहे. आज मी त्याबद्दल काही विचारलं नाही.

१५ डिसेंबर, सोमवार

पहिली एसटी गेली. आण्णा उठून खिडकीशी बसले होते. सातला म्हणाले, "पाव वाळला का बगितलास?"

१७ डिसेंबर, बुधवार

दुसरा नमुना केला. यावेळी आण्णांचे हात आणि माझी जीभ. पण त्यातही माझी अडचण. देवाच्या दिवसाचं जेवण, तिथं मांडायच्या आधी मी चाखायचं? आईनं सांगितलेलं हाडात आहे, नैवेद्याचं चाखू नये, उष्टं होतं. चमचा तोंडापर्यंत नेला आणि थांबले.

आण्णा म्हणाले, "मेसमधी पैली थाळी साहेबानं चाखल्याबिगर पंगत बसायची न्हाई. सही करायचा वहीत. काय बिगडलं तर त्याच्या गळ्याला फास. त्याला उष्टं म्हनत न्हाईत. जोखीम म्हनत्यात."

"आन् आई? ती तर सणाला बी तुमाला मीठ सांगायची. चाखायची ती?"

ते गालातल्या गालात हसले. "देवाला म्हाईत आन् तिला."

मी चाखलं. "चिमूटभर कमी हाय."

"कुनाची चिमूट? तुजी का माजी?"

त्यांची चिमूट माझ्या दीडपट आहे. शेवटी आमचं ठरलं, चिमूट माझीच, सांगायची मी, टाकायची त्यांनी.

बाई काठी घेऊन स्वतः आल्या. पहिला घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. मला वाटलं संपलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. "सासूबाई तुकडे इतके नीट कापत नव्हत्या," म्हणाल्या. "बाकी तेच."

२० डिसेंबर, शनिवार

आज आण्णांनी विचित्र प्रश्न विचारला. कांदा लोण्यावर टाकला होता. "आता वास कसा येतोय, सांग."

मी म्हटलं, चांगला.

"चांगला म्हंजे काय? समद्याच आया चांगल्या असत्यात."

मग मी डोळे मिटून सांगायला लागले. आधी कच्चा, रानात नांगरताना मुळी निघते तसा. मग गोड. आता, आण्णा, आता जत्रेत आपण लांब असताना भज्यांचा येतो ना, तसा. त्यांनी लगेच आच कमी केली. बरोबर वेळ होती.

मला नाक आहे हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळतंय.

२४ डिसेंबर, बुधवार

बारा ट्रे. दोन दिवसांपासून घरभर जाळीच्या टोपल्यांत पाव वाळतोय. प्रांजलचा पलंगसुद्धा सोडला नाही. ती म्हणते, "बारावीच्या पुस्तकात पण पावाचे कण निघतायत." आण्णांनी सगळ्या टोपल्यांवरून हात फिरवला, कान लावला, चार परत पाठवल्या. "ह्ये आजून बोलत न्हाईत."

अंडी मी फोडली. एकेक वाटीत, हुंगून. आण्णा लांब बसून म्हणाले, "बनुबाईला सांग, आज नापास कुनी न्हाई."

२५ डिसेंबर, गुरुवार. नाताळ

पहाटे पाव निघाल्यावर शंभूराजनं भट्टी मोकळी करून दिली. आण्णांनी बाही वर करून हात घातला. दहाला काढला. थांबलो. पुन्हा घातला. अकरा. तिसऱ्यांदा बारा.

"घाला."

भट्टीचं दार बंद झालं की करायला काही उरत नाही. आण्णा दाराशेजारी खोक्यावर बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगत ऱ्हा."

मी सांगत राहिले. आधी काही नाही, नुसता लाकडाचा. मग लोणी. मग ओव्याचा, आईनं तळहातावर चोळून नातवंडांच्या पोटाला लावावा तसा. आण्णांनी डोळे मिटले होते. मग मिरी मागून आली. मग कोंबडीचा, पण आपल्या रश्श्यासारखा नाही, मऊ. आणि मग पावाचा, तव्यावर भाकरीचा पापुद्रा करपायच्या आधी एक क्षण येतो तो...

"काढा," आण्णा म्हणाले.

शंभूराजनं काढले. बाराच्या बारा सोनेरी. मी मधल्या ट्रेच्या कोपऱ्यातून घास घेतला. दोघंही माझ्या तोंडाकडे बघत होते. मीठ बरोबर होतं. मी मान हलवली.

दुपारी पंगतीत आम्हालाही बसवलं. आधी प्रार्थना झाली, मग ताटं. बाईंनी सगळ्यांना सांगितलं, हे सारण कवठे महांकाळच्या बिरदेव काकांनी केलंय. आण्णा उठून उभे राहिले. सवयीनं टाचा जुळल्या. म्हणाले, "मी एकल्यानं न्हाई. मला चव न्हाई, बाई. चव पोरीची हाय."

भरल्या सभेत बोलले. चार वर्षं जे आई सोडून कुणाला सांगितलं नव्हतं, ते.

शेजारचा म्हातारा म्हणाला, "मग हात तरी द्या तुमचे, आमच्या सुनेला," आणि पंगत हसली. बाई ताट घेऊन आण्णांच्या शेजारी येऊन बसल्या. आण्णांनी तिसऱ्यांदा मागून घेतलं. चव नसताना तीनदा कशाला, मी हळूच विचारलं.

"कुरकुर आयकतोय," म्हणाले.

२७ डिसेंबर, शनिवार

सकाळी उठले तर ट्रंक पुन्हा बाहेर.

"चाललाव?"

"सोमवारी माघारी येतो. सांगलीत गाडी बदलायची, दोन दिस जात्यातच." मी ट्रंक उचलायला गेले तर हलकीच. उघडून बघितली. रिकामी. कपडे सगळे माझ्या कपाटात, खालच्या कप्प्यात घड्या करून ठेवलेले.

"रिकामी ट्रंक कशाला न्हेताय?"

"तुज्या आयीचा पाट आनायचाय. उगडा एसटीत घातला तर कोन बी पाय ठेवील त्यावर." चप्पल घालता घालता म्हणाले, "उभ्यानं मीठ सांगतीस, त्ये बरोबर न्हाई. ध्यान ऱ्हात न्हाई."

स्टँडवर गाडीत बसल्यावर खिडकीतून ओरडले, "मी आल्याबिगर अंडी फोडू नगंस. वास तू घे, फोडायची मी."

घरी आल्यावर मी बाहेरच्या खोलीतली पिठाची कोठी सरकवली. शेगडीच्या डाव्या बाजूला आता दीड हात जागा झाली आहे. पाट मावेल.